बोलावलं कोणी? : परदेशी रुग्णसेवेचा आपला इतिहास



मानोऱ्याच्या या व्याख्यानासाठी विद्यार्थ्यांनी आधी चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता. डॉक्टरकी किंवा नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना परदेशातल्या दवाखान्यात इंटर्नशिप किंवा स्वयंसेवकाचं काम कसं मिळतं? आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. अर्ज भरून देणारा माणूस तुम्हाला आमच्यापेक्षा बरा मिळेल. पण हा प्रश्न मराठी मुलुखाला नवा नाही. आधी जे गेले त्यांना कोणी बोलावलं आणि तिथे त्यांनी काय केलं, एवढं पाहिलं तरी आजचा अर्ज भरताना उपयोग होईल. म्हणून आज इतिहास.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकी मिशनऱ्यांना पत्रं लिहिली. ती प्रिन्स्टनहून निघणाऱ्या एका मिशनरी नियतकालिकात छापून आली. उत्तर काय, तर धर्म बदला, मग बघू. तिथेच प्रकरण संपायचं. पण न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांच्या हाती लागला आणि त्यांनी स्वतःहून पत्र पाठवलं. पुढे एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत त्यांनी आपण का जातो आहोत ते स्पष्ट सांगितलं होतं : इथल्या बायकांना स्त्री-डॉक्टर हव्यात, म्हणून. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाई शिकायला गेल्या होत्या. सेवा करायला जाणं ही वेगळी गोष्ट, आणि तिचं सगळ्यात मोठं उदाहरण १९३८ चं आहे. त्यावर जरा थांबू.

जपानने १९३७ मध्ये चीनवर चढाई केली. त्या वर्षाच्या अखेरीस चिनी सेनानी चू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी आवाहन केलं, देशभर वर्गणी जमली, साधारण २२,००० रुपये आणि एक रुग्णवाहिका. गुलाम देशाने दुसऱ्या संकटातल्या देशाला केलेली ही मदत होती, हे लक्षात घ्या. पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे अटल प्रमुख. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. नागपूरचे डॉ. चोळकर. आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, शांताराम बापूंनी १९४६ मध्ये सिनेमा काढला म्हणून. चोळकर आपल्या विदर्भातले, पाच जणांत वयाने सर्वांत मोठे, पण त्यांचं नाव विदर्भातसुद्धा फारसं कोणी घेत नाही. असो.

कोटणीसांचं वय तेव्हा सत्तावीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले होते आणि पुढच्या पदव्युत्तर परीक्षेची तयारी चालू होती. म्हणजे आजच्या तुमच्यासारखीच अवस्था, एक पाय अभ्यासात. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. चिनी लोकांनी पाचही जणांना चिनी नावं दिली, प्रत्येक नावाच्या शेवटी चीन या अर्थाचा ‘हुआ’ जोडून. कोटणीसांचे झाले ‘खं दिहुआ’.

आता बघा, या माणसाने तिथे नेमकं काय केलं. शस्त्रक्रिया केल्या, हे तर झालंच. लढाई चालू असताना सलग तीन दिवस त्यांनी हात धुऊन घेण्यापलीकडे उसंत घेतली नाही असं सांगतात. पण त्यांनी चिनी भाषाही शिकून घेतली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवलं. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायला घेतलं. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. क्वो छिंगलान या तिथल्या सहकारी परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. चोळकर, मुखर्जी, अटल वेगवेगळ्या वेळी परत आले होते. बसू शेवटी, १९४३ मध्ये.

आम्हाला यात तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पथक मागितलेलं होतं. जाणाऱ्यांच्या हाती पुरं झालेलं शिक्षण होतं. आणि त्यांच्यामागे तिथे शिकलेली माणसं राहिली.

आजच्या जाहिराती याच कसोटीवर लावून बघा. आफ्रिकेत दोन आठवडे, दवाखान्यात प्रत्यक्ष अनुभव, प्रमाणपत्र, फोटो, आणि त्यासाठी तुम्हीच पैसे भरायचे. तिथल्या दवाखान्याने तुम्हाला मागितलं आहे का, हे त्या पत्रकात कुठेच नसतं. त्याहून वाईट म्हणजे, जे काम इथे तुम्हाला कोणी करू देणार नाही, टाके घालणं, बाळंतपण करणं, ते तिथे करायला मिळेल असं आमिष असतं. कांटने सांगून ठेवलंय की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. पण त्यासाठी कांट तरी कशाला हवा? आपल्या आईच्या पोटावर परदेशातून आलेला दुसऱ्या वर्षाचा पोरगा हात साफ करतोय, असं नुसतं डोळ्यांसमोर आणा.

मग सरळ दारं नाहीतच का? आहेत. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५१ पासून आहे. त्याची देवाणघेवाण देशादेशांतली असते, तिथला विद्यार्थी इकडे, इथला तिकडे. भारतातली विद्यार्थी संघटनाही त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटना पदवीच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप देते, २०२० पासून विद्यावेतनही देते, आणि अर्जासाठी एक पैसाही घेत नाही. कोणी त्या नावावर पैसे मागितले तर तो ठग समजा. ‘सीमाविरहित डॉक्टर’ ही १९७१ ची फ्रेंच संस्था युद्धात, साथीत काम करते, पण ती शिकाऊंना घेत नाही, अनुभवी माणसंच घेते. आम्हाला हे योग्यच वाटतं.

एक सावधगिरी, विशेषतः पालकांसाठी. परदेशात डॉक्टरकीच शिकायला जाणाऱ्यांचा मामला निराळा. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप हवी, आणि परत आल्यावर इथेही १२ महिने. एजंट मधलंच एखादं कलम गाळून सांगतो. छापील नियम स्वतः वाचा.

आता उलट दिशेचा प्रवास बघू. तो आम्हाला जास्त आवडतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत शिकलं, जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, आणि १९७० मध्ये जामखेडला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, येऊन बसलं. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. अनेकींना लिहितावाचता येत नव्हतं, बऱ्याच दलित होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण घेतलं. मग परदेशी विद्यार्थी जामखेडला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला त्याच बायका उभ्या राहिल्या. पदवीधरांना गावातली बाई सांगते आहे की अतिसार झालेल्या लेकराच्या घरी आधी काय बघायचं! दुसऱ्याच्या देशात शिकायला जायचं तर असं जावं, त्यांचा शिष्य म्हणून.

आणि वाशीम? केंद्र सरकारच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते, त्यांत आपला एक. त्या मोजमापात आरोग्य हा मोठा भाग आहे. परदेशी अर्जात ‘तुमच्या भागात तुम्ही काय काम केलंत’ हा रकाना भरताना मुलं अडतात. आपल्याच तालुक्यात पोहरादेवी आहे. रामनवमीला भर उन्हात तिथे देशभरातून बंजारा समाज लोटतो. उष्माघात, जुलाब, चुकलेली म्हातारी माणसं, सगळं असतं. ज्याला गोरबोली येते असा नर्सिंगचा एक विद्यार्थी तिथे किती उपयोगी पडेल याचा विचार करा. कोटणीसांना भाषा तिकडे जाऊन शिकावी लागली, तुमच्यातल्या अनेकांना ती घरूनच येते. यात्रेला अवकाश असतानाच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारून ठेवा, पथकात माणसं कमी पडतात का म्हणून.