तटाच्या आतला घात

दिवाळीच्या फराळाबरोबर शोकांतिकेचा विषय वाढणारा मास्तर अरसिक ठरावयाचा, हे मला ठाऊक आहे. पण दिवाळीत घरोघरी मुले मातीचे किल्ले करतात, आणि किल्ल्याचा विषय निघाला की नगरच्या माणसाला चांदबिबी आठवल्यावाचून राहत नाही. ‘शोकांतिकेचा नायक कोणाला म्हणावे?’ असे वर्गात कुणी विचारले, तर मी मुलांना ग्रीसला नेण्याआधी आमच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकापाशी थांबवतो.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. ॲरिस्टॉटलच्या मते हा नायक सर्वस्वी निर्दोष नसावा, तसा दुष्टही नसावा. दुष्टाच्या नाशाने आपल्याला दया येत नाही. निरपराधाच्या नाशाने मन नुसते विटते. थोर माणूस एखाद्या प्रमादाने कोसळतो, तेव्हाच करुणा आणि भय ही दोन्ही जागी होतात. प्रमादासाठी त्याने योजलेल्या ग्रीक शब्दाचे मूळ ‘नेम चुकणे’ असे आहे. म्हणजे पाप नव्हे; बाण सोडणारा उत्तम असतो, पण बाण भलतीकडे जातो.

आपल्या संस्कृत नाटककारांना असा शेवट सहसा मानवला नाही. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये असा संकेत, आणि नाटकाची अखेर मीलनात. अपवाद भासाच्या ‘ऊरुभंगा’चा. त्यात मांड्या मोडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, आणि जाताना वैर संपवण्याची भाषा बोलतो. खलनायक म्हणून ज्याला आपण लहानपणापासून ओळखतो, त्याच्यासाठीच डोळे भरून येतात.

आता चांदबिबीकडे वळू. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. विधवा झाल्यावर पुढे ती माहेरी आली, ती वारसाहक्काची भांडणे पेटली असताना. मियाँ मंजू या घरच्याच सरदाराने मोगलांना बोलावणे धाडले, आणि 1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद नगरच्या वेशीशी येऊन ठाकला. मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले. तेव्हा बुरखा घेतलेली ही बाई हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभारून घेतला. गोळे संपले तेव्हा तिने सोन्यारुप्याची नाणी तोफेत भरली, असे लोक सांगतात. पण खरे शहाणपण त्यानंतरचे. 1596 मध्ये तिने वऱ्हाड देऊन तह केला आणि राजधानी वाचवली.

चार वर्षांनी, 1600 मध्ये, शाहजादा दानियाल चालून आला. किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखले. किल्ला सोडावा आणि बालराजा बहादूरला घेऊन जुन्नरला जावे, हा बेत तिने जिताखान नावाच्या अधिकाऱ्यापाशी बोलून दाखवला. तो बाहेर धावला आणि ‘बेगम शत्रूला फितूर झाली’ अशी ओरड त्याने केली. खवळलेल्या जमावाने महालात शिरून तिला ठार मारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

वाचकहो, 1596 मध्ये ज्या व्यवहारी धैर्याला लोकांनी डोक्यावर घेतले, तेच 1600 मध्ये फितुरी ठरले. ती बदलली नव्हती, वेळ बदलली होती. तिचा नेम चुकला तो एकाच ठिकाणी: मनातली गोष्ट कुणाजवळ बोलावी, येथे.

आधुनिक नाटकाने नायकाचा मुकुट काढून घेतला, पण हे मर्म सोडले नाही. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर राजा नव्हे, वकील आहे. तो मानी नसता तर अपमान गिळून घरी आला असता. ज्या तेजाने तो मोठा, तेच त्याला प्याल्याकडे नेते. 1970 च्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’त अप्पा बेलवलकर मुलांना सर्वस्व देऊन टाकतात आणि त्या औदार्यानेच बेघर होतात. म्हणून मला वाटते, शत्रूच्या हातून मरतो तो वीर. स्वतःचाच गुण ज्याच्यावर उलटतो तो शोकांतिकेचा नायक.

नगरजवळच्या डोंगरावरच्या अष्टकोनी, तीन मजली वास्तूला सारा जिल्हा ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर आहे. आपल्या लोकांनी तिला नाण्यांच्या तोफा दिल्या, उंचावरचा महाल दिला. तिला आपल्याच माणसांनी मारले एवढी गोष्ट तेवढी गाळली. संस्कृत नाटककारांचा गोड शेवटाचा सोस आपल्या रक्तात आहे, त्याला कोण काय करणार! पण यंदा अंगणात किल्ला झाला, मावळे मांडून झाले, की मुलांना तोफेबरोबर ही उरलेली गोष्टही सांगा. खिंडार बुजवणारीला आपण फितूर म्हटले होते, हे त्यांना कळू द्या. उद्या असाच कुणी कटू सत्य सांगू लागला, तर त्याच्यावर धावून जाण्याआधी ती क्षणभर थांबतील.