सहा फूट, सहा फीट आणि हरवलेला प्रत्यय

मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही विचारा, इंग्रजी व्याकरणातला सगळ्यात छळवादी शब्द कोणता? माझं उत्तर ठरलेलं आहे: 'अपवाद'. नियम समजावून सांगता येतो. अपवाद मात्र पाठ करायचा, आणि 'का?' असं विचारायचं नाही.

आता हेच बघा. माणूस 'सिक्स फीट टॉल' असतो, पण भिंत मात्र 'सिक्स-फूट वॉल'. 'अ हंड्रेड इयर्स' म्हणताना 'ऑफ' नको, पण 'हंड्रेड्स ऑफ इयर्स' म्हटलं की 'ऑफ' हवाच. 'ट्वाइस अ डे' मधला तो 'अ' नेमका कोण? आर्टिकल म्हणावं तर ते तिथे काय करतंय? नाम, संख्या आणि प्रेपोझिशन एकत्र आले की इंग्रजी अशी विचित्र वागते. गेले काही दिवस मी या विचित्रपणाचा इतिहास वाचत होते. तो इतका गंमतीदार निघाला की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मंडळी, इंग्रजीलाही एकेकाळी आपल्यासारख्या विभक्ती होत्या! साधारण इ.स. ११०० पर्यंतच्या इंग्रजीत (तिला 'ओल्ड इंग्लिश' म्हणतात) नामाला प्रत्यय लागत. पाय किंवा फूट म्हणजे 'फोट', अनेकवचन 'फेट', आणि षष्ठीचं अनेकवचन 'फोटा', म्हणजे 'फुटांचा'. मोजमाप सांगताना ही षष्ठी वापरत, आणि वीस, तीस, शंभर अशा मोठ्या संख्यांनंतरही नाम षष्ठीतच येई. 'तीस फूट' असं न म्हणता ते 'फुटांचे तीस' म्हणत.

पुढे काय झालं? इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या भागावर जोर, त्यामुळे शेवटचा स्वर हळूहळू दुबळा होत गेला. इंग्लंडच्या उत्तर भागात वायकिंग येऊन वसले, त्यांची भाषा जवळची पण प्रत्यय वेगळे, त्यामुळेही प्रत्ययांची झीज वाढली असं अभ्यासक मानतात. 'फोटा'चा शेवटचा 'आ' आधी पुसट झाला, मग गेलाच. उरला नुसता 'फूट'! म्हणजे 'सिक्स-फूट वॉल' मधला फूट दिसतो एकवचनी, पण मुळात तो आहे 'फुटांची'. प्रत्यय गळून पडलेलं षष्ठीचं अनेकवचन. 'फाइव्ह-इयर' आणि 'टेन-माइल'ची जातकुळीही तीच. नंतर तो साचाच पडला आणि नवी नामंही त्यात बसायला लागली.

आपण तरी काय वेगळं करतो? 'तीन मजले इमारत' म्हणतो का? 'तीन मजली' म्हणतो. 'सहा फुटी भिंत' म्हणतो. फरक इतकाच की आपला 'ई' अजून शाबूत आहे, त्यांचा प्रत्यय वाऱ्यावर उडून गेला.

षष्ठी गेल्यावर 'चा-ची-चे'चं काम कुणीतरी करायला हवंच होतं. ते 'ऑफ'कडे आलं. हा 'ऑफ' आणि 'दूर' अर्थाचा 'ऑफ' (ज्याला दोन 'एफ' आहेत) हे मुळात एकच शब्द. अर्थ 'पासून, वरून'. फ्रेंच 'द'च्या संगतीने त्याच्यावर षष्ठीची जबाबदारी वाढत गेली. पण 'हंड्रेड इयर्स' मध्ये संख्या आणि नाम आधीच शेजारी बसलेले होते. प्रत्यय गेला तरी कुणाचं काही अडलं नाही, म्हणून तिथे 'ऑफ' शिरला नाही. 'हंड्रेड्स' म्हटलं की मात्र ती संख्या स्वतःच नाम होते, 'शेकडा' सारखी, आणि दोन नामांना जोडायला दुवा लागतो.

आता तो 'ट्वाइस अ डे'. इथला 'अ' मूळचा आर्टिकल नव्हेच! तो आहे 'ऑन'. जुन्या इंग्रजीत 'दिवसात दोनदा' अशा अर्थाने 'ऑन' वापरत. बोलताना तो झिजून 'अ' झाला, आणि मग लोकांना तो आर्टिकलच वाटायला लागला. 'अस्लीप', 'अशोअर', 'अलाइव्ह' यांच्या सुरुवातीला तोच झिजलेला 'ऑन' लपला आहे. 'वन्स' आणि 'ट्वाइस'च्या शेवटचा 'स' हाही जुन्या षष्ठीचा अवशेष. आपण 'दिवसातून दोनदा' म्हणतो. आपला 'तून' अजून उजळ माथ्याने उभा आहे, त्यांचा वेश पालटून हिंडतोय.

'ओ'क्लॉक'ची गोष्ट तर मला फारच आवडली. तो 'ऑफ द क्लॉक'चा संक्षेप. यांत्रिक घड्याळं इंग्लंडमध्ये आली तेराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी सूर्यावरून वेळ ठरायची, त्यामुळे घड्याळाची वेळ सांगताना 'घड्याळाचे दहा' असं स्पष्ट म्हणावं लागे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' मध्ये हा लांबलचक प्रकार सापडतो. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमधलं घड्याळ साधारण १३८६ सालचं मानतात. त्याला तबकडीच नाही! ते फक्त ठोके देतं. 'क्लॉक' या शब्दाचा मूळ अर्थच घंटा. आणि आपण काय म्हणतो? दहा 'वाजले'. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, त्याच टोल्याशी पोचल्या.

आणखी एक. बायबलमध्ये येशू शिष्यांना जोडीजोडीने पाठवतो. मार्कच्या ग्रीक मजकुरात तिथे 'द्युओ द्युओ' आहे, म्हणजे चक्क 'दोन दोन'! मराठी माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही. एकेक, दोन दोन, घरोघर, दिवसेंदिवस हे आपल्या रक्तातच आहे. इंग्रजीला मात्र मध्ये 'बाय' घालून 'टू बाय टू' करावं लागलं.

हे सगळं कशासाठी सांगतेय? आमच्या नात्यात एक काका होते. जुन्या अकरावीला इंग्रजीत दोनदा नापास झाले आणि शिक्षण तिथेच थांबलं. मोठमोठे हिशोब तोंडी करणारा, पोथीतली अवघड ओवी लहान पोराला समजेल अशी सांगणारा माणूस. पण आयुष्यभर म्हणत राहिले, "माझं डोकंच कमी, इंग्रजी शिरलं नाही." अशी माणसं प्रत्येक घरात असतील, तुमच्याही. त्यांना 'का?' विचारायची सोय नव्हती. 'फूट'ला 'फीट' लिहिलं की लाल रेघ, बस्स. त्यांनी विचारलेलं (किंवा मनात दाबलेलं) 'असं का?' हे मठ्ठपणाचं लक्षण नव्हतं. त्याला आठशे-हजार वर्षांचं खरंखुरं उत्तर होतं. ते कुणी दिलं नाही, एवढंच.

इतिहास कळल्याने परीक्षेत मार्क वाढतात असा माझा दावा नाही. 'सिक्स-फूट' तरीही लक्षात ठेवावंच लागतं. पण लाज आणि कुतूहल यांत फार फरक आहे. अपवाद म्हणजे आपल्या बुद्धीची परीक्षा नव्हे, झिजलेल्या पायरीवरची खूण आहे, हे मुलाला एकदा सांगितलं तर ते त्या पायरीवर ठेचकाळण्याऐवजी वाकून बघेल.

असो. बरंच लांबलं. जाता जाता एक प्रश्न तुमच्यासाठी. इंग्रजांचा पंधरवडा, म्हणजे 'फोर्टनाइट', हा 'चौदा रात्री' या शब्दांचा संक्षेप. जर्मन टोळ्या दिवस न मोजता रात्री मोजतात, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवलंय. मग ते चौदा रात्री का मोजतात आणि आपण पंधरा दिवस का? विचार करा आणि कळवा.