अंडी मागणारा व्यापारी आणि इंग्रजी अनेकवचन

इंग्रजी अनेकवचन म्हटलं की आपल्याला शाळेतला नियम आठवतो. शेवटी 'एस' लावा. मग अपवादांची यादी पाठ करा: फूट–फीट, चाइल्ड–चिल्ड्रेन, ऑक्स–ऑक्सन, आणि शीपचं शीपच. हे अपवाद आले कुठून, हे आज आपण पाहू या.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. १४९० च्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेत तो एक हकिकत सांगतो. टेम्स नदीतून झीलंडला निघालेले व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर उतरले. एकाने तिथल्या बाईकडे 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! मग दुसऱ्याने 'आयरेन' म्हटलं, तेव्हा तिला कळलं की यांना अंडी हवीत. कॅक्स्टनपुढे प्रश्न पडला, आता छापायचं काय?

यात चूक कुणाचीच नव्हती. 'एग' हा स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांकडून आलेला शब्द, तर 'आयरेन' जुन्या इंग्रजीतून उतरलेला.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाचं अनेकवचन त्याच्या लिंगावर आणि गटावर ठरत असे. आपण नाही का घोडा–घोडे, वाट–वाटा, झाड–झाडं म्हणतो, आणि दगडाचं दगडच ठेवतो? तसंच. काही नामांना 'अस' लागे, काहींना 'अन', काहींना 'रु'. काहींचा आतला स्वरच बदले. पुढे शब्दांती येणारे स्वर पुसट झाले, लिंगभेदही गेला. स्पष्ट ऐकू येणारे असे मुख्यतः 'स' आणि 'न' उरले. उत्तरेत 'स' लवकर पसरला. दक्षिणेत 'न' बराच काळ तग धरून होता. अखेर 'स' जिंकला.

हरलेल्यांचे अवशेष म्हणजे आपली अपवादांची यादी. 'चिल्ड्रेन'मधला 'र' हे जुनं अनेकवचन. तो पुरेसा वाटेना म्हणून वर 'न' चढवला. 'आयरेन'ची घडणही हीच. एक बहीण जगली, दुसरी गेली.

आता 'बुक' घ्या. त्याचं जुनं अनेकवचन 'फीट'सारखं आतला स्वर बदलून होत असे. लोकांनी ते सोडून 'स' लावला, आणि 'बुक्स' शुद्ध ठरलं. आज एखादं मूल 'फूट्स' म्हणालं तर तेही नेमकं हेच करत असतं. फरक इतकाच की त्याच्या बाजूला समाज नाही. म्हणजे शुद्धता तर्काने ठरत नाही, वहिवाटीने ठरते.

म्हणून नियम शिकवू नयेत असं आम्ही म्हणत नाही. एकमेकांचं बोलणं कळण्यासाठी वहिवाट लागतेच. ती नसली की काय होतं, ते त्या व्यापाऱ्याने अनुभवलं. पण मुलाच्या वहीत लाल रेघ मारताना आपण एवढं तरी सांगावं: बाळा, तुझा विचार बरोबर आहे, फक्त या शब्दाने जुनी रीत सोडलेली नाही.