पोलीस सेवेतील कार्यक्लांती

दीर्घकाळच्या कार्यताणामुळे येणारा शक्तिपात, कामाविषयीची विरक्ती व कार्यक्षमतेतील घट या अवस्थेस कार्यक्लांती म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तिचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची गणना रोगात न करता व्यवसायनिष्ठ आविष्कारांत केली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे मूळ कायद्यातच आढळते. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (सांप्रतचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याच्या २८ व्या कलमानुसार पोलीस सदैव कामावर असल्याचे मानले जाते. कारखाने अधिनियम, १९४८ याने कामगाराच्या आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. कारखान्याच्या फाटकावर बंदोबस्तास उभ्या असलेल्या शिपायास मात्र अशी मर्यादा नव्हती. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात शिपाई वर्गाच्या हलाखीचा व गाऱ्हाण्यांचा परामर्श घेतला. तरीही मुंबईत असंतोष धुमसत राहिला. गिरणी संप चालू असतानाच, १८ ऑगस्ट १९८२ रोजी, पोलीस संघटनेची मान्यता रद्द करून तिच्या पुढाऱ्यांना अटक करण्यात आली. त्यावरून दंगल उसळली व सैन्यास पाचारण करावे लागले. संघटना मोडली, गाऱ्हाणी उरली.

पुढे २०१६ मध्ये मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. तो एका शिपायाच्या सूचनेतून निघाला, हे विशेष.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात ताणाचे स्वरूप वेगळे आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सपासून सुरू झालेली येथील कारखानदारी पुढे भोसरी, तळेगाव व चाकणपर्यंत पसरली. पाळ्यांवर चालणाऱ्या या वस्तीस रात्र अशी नसते. त्यातच देहू व आळंदी येथून आषाढी वारीच्या पालख्या निघतात. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षण आंदोलनात चाकण येथे जाळपोळ झाली व पोलीसही जखमी झाले. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने, १५ ऑगस्ट रोजी, पुणे शहर व पुणे ग्रामीण हद्दींतील ठाणी एकत्र करून स्वतंत्र आयुक्तालय कार्यान्वित झाले. औद्योगिक शांतता, वाहतूक व यात्रा असा तिहेरी भार त्याच्यावर आला.

जानेवारी २०२२ मध्ये राज्यातील महिला पोलिसांसाठी आठ तासांचा कार्यदिन जाहीर झाला. निकडीच्या प्रसंगी वा सणासुदीस वरिष्ठांच्या अनुमतीने तो वाढविण्याची मुभा मात्र त्यात ठेवण्यात आली.