'फ्री' माणसाचं पोर्तुगीज भाषांतर

'फ्री' हा इंग्रजी शब्द मराठीत आणताना आपल्यालाही क्षणभर थांबावं लागतं. वस्तू फ्री असेल तर ती फुकट, संध्याकाळी तुम्ही फ्री असाल तर मोकळे, आणि माणूस फ्री असेल तर स्वतंत्र. पोर्तुगीजचंही तेच. फुकटासाठी 'ग्रातिस' म्हटलं की काम भागतं. अडतं ते माणसापाशी. गुलामीच्या काळात तिथे जन्मतः स्वतंत्र असलेला माणूस 'लिव्ह्रे', तर गुलामीतून सुटलेला 'लिबेर्तो'. इंग्रजीत दोघेही फ्री.

हा फरक नुसता कोशातला नव्हता. लिबेर्तोने जुन्या मालकाचे उपकार मानावेत अशी कायद्याचीच अपेक्षा होती. तो कृतघ्न निघाला तर मालकाला त्याची मुक्ती रद्द करून मागता येई, आणि ही तरतूद ब्राझीलमध्ये १८७१ पर्यंत टिकली.

आता १८१७ चा करार बघा. ब्रिटन आणि पोर्तुगालने ठरवलं की बेकायदा गुलामवाहू जहाजं पकडायची, त्यांचा निवाडा संयुक्त आयोगाने करायचा आणि जहाजावरच्या आफ्रिकी लोकांना मुक्तीचा दाखला द्यायचा. मग त्यांना स्थानिक सरकारच्या हवाली करायचं, नोकर किंवा 'फ्री लेबरर' म्हणून. करारात याचं पोर्तुगीज भाषांतर 'लिव्ह्रे' मजूर असं झालं. इथवर ठीक. पण पोर्तुगालचा दरबार तेव्हा रिओ द जानेरोत होता, आणि तिथून जानेवारी १८१८ मध्ये निघालेल्या राजाज्ञेत लिहिलं गेलं, की या लोकांनी १४ वर्षं 'लिबेर्तो' म्हणून सेवा करावी!

अहो, लिबेर्तोला सोडणारा मालक तरी असतो. यांना कुठल्या मालकाने सोडलं होतं? माझ्या मते ही लेखनिकाची चूक नव्हे. लिव्ह्रे माणसाला १४ वर्षं कामाला जुंपायचं कसं, हा प्रश्न होता, आणि दुसऱ्या शब्दाने तो सोडवला. पुढे ब्राझीलमध्ये या लोकांना 'आफ्रिकानुश लिव्ह्रेश', म्हणजे स्वतंत्र आफ्रिकी, हेच नाव पडलं. असे सुमारे ११ हजार लोक होते. नाव स्वतंत्र, पण खासगी घरांत नाहीतर सरकारी कामांवर राबणारे. चौदा वर्षं उलटली तरी अनेकांना अर्ज करत बसावं लागलं. सगळ्यांची सुटका व्हायला १८६४ उजाडलं.

दरम्यान ७ नोव्हेंबर १८३१ ला ब्राझीलने कायदा केला, की बाहेरून देशात येणारे गुलाम 'लिव्ह्रे' ठरतील. कायदा धाब्यावर बसवून पुढे सात लाखांहून अधिक माणसं आणली गेली. 'इंग्रजांना दाखवण्यापुरतं' अशी एक म्हण पोर्तुगीजमध्ये आहे, ती याच कायद्यावरून पडली असं सांगतात.

पण शब्द कागदावर राहिला होता. लुईझ गामा स्वतः लिव्ह्रे आईच्या पोटी जन्मलेला, आणि तरी दहाव्या वर्षी बापाने विकलेला. पुढे साओ पावलोच्या कोर्टात तो याच कायद्यावर बोट ठेवी. हा माणूस १८३१ नंतर आणलाय ना? मग याला मुक्त करा असं मी म्हणतच नाही, हा बंदरावर उतरला तेव्हापासूनच लिव्ह्रे आहे. असा त्याचा रोख असे. अशा खटल्यांतून त्याने पाचशेहून अधिक माणसं सोडवली. १८८२ मध्ये तो वारला, आणि ब्राझीलमधली गुलामगिरी संपली १८८८ मध्ये.