संघनिष्ठा कोणाची?

अमेरिकन मूक चित्रपटांतील कॉलेज-फुटबॉलच्या कथांत नायक रुसतो आणि ऐन सामन्यात मानापमान विसरून संघासाठी धावतो. टाळ्या पडतात. संघाने खेळाडूशी इमान राखले काय, हे तेथे कोणी विचारीत नाही. आपल्या पाळवणकर बंधूंनी मात्र ते विचारले.

थोरले बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरविले, ते बऱ्याच अंशी त्यांच्या जोरावर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण जात चांभाराची! आरंभीच्या काळात पुण्यास सवंगडी आत चहा घेत. बाळूंना तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. कर्णधारपद तर कधीच नाही.

१९२० मध्ये बाळूंना वगळले, धाकट्या विठ्ठलांचा कर्णधारपदाचा हक्कही डावलला. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. याला कोणी संघद्रोह म्हणो, श्रोतेहो, आम्ही म्हणणार नाही. बाळूंना उपकर्णधार नेमल्यावर बंधू परतले.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले, आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले.