वेश्याव्यवसाय : आरोग्यविषयक (मुंबई इलाखा व महाराष्ट्र)

मोबदला घेऊन शरीरसंबंध ठेवण्याचा व्यवसाय. मुंबईतील कामाठीपुरा, पुण्यातील बुधवार पेठ, नागपुरातील गंगाजमुना व सांगलीतील गोकुळनगर या त्याच्या राज्यातील परिचित वस्त्या. प्रस्तुत नोंदीचा भर सार्वजनिक आरोग्यावर आहे. दीडशे वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते : सक्तीमुळे रोग लपतो, आणि ज्या स्त्रियांना त्याची झळ बसते त्यांच्या हाती उपाय आला, तरच तो आटोक्यात येऊ लागतो.

वसाहतकाल : ब्रिटिश सैनिकांमधील गुप्तरोगांना आळा घालण्याच्या चिंतेतून १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. त्याने वेश्यांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. रोगी ठरलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबले जाई. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला मात्र तपासणी नव्हती, त्यामुळे संसर्गाची निम्मी साखळी कायद्याने मोकळीच सोडली. मुंबईत अनेक स्त्रियांनी नोंदणी चुकवली. दवाखाना हाच तुरुंग झाल्यावर दुखणे सांगायला कोण पुढे येणार? १८८८ मध्ये कायदा रद्द झाला.

देवदासी : मुली देवाला वाहण्याच्या प्रथेचे प्रतिबंधक कायदे १९३४ (मुंबई) व २००५ (महाराष्ट्र). पहा : ‘देवदासी’.

एचआयव्हीचा काळ : भारतातील पहिले निदान १९८६ मध्ये मद्रासला, वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ततपासणीतून झाले, आणि रोगाचा ठपका त्यांच्यावरच बसला. पुन्हा सक्तीची भाषा सुरू झाली. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून वेगळी वाट धरली : निरोध वाटणे, समजावणे, आजारी बाईला दवाखान्यात नेणे ही कामे वस्तीतल्या बायकांनीच केली. त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. कलकत्त्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये सुरू केलेला प्रकल्पही याच विचाराचा होता. तेथे १९९५ मध्ये या स्त्रियांची ‘उषा’ ही सहकारी पतसंस्था निघाली. आरोग्याच्या नोंदीत पतसंस्थेचा उल्लेख अस्थानी नाही. घरवालीच्या (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या) कर्जात अडकलेल्या, निम्मी कमाई तिला देणाऱ्या बाईला निरोध नाकारणारे गिऱ्हाईक परतवणे परवडत नाही. ज्ञान असूनही ती संसर्ग पत्करते, कारण नकाराची किंमत तिच्याजवळ नसते.

कायदा व आक्षेप : १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही, कुंटणखाना चालवणे, जाहीरपणे गिऱ्हाईक बोलावणे इत्यादी गुन्हे आहेत. या स्त्रियांना हक्क दिल्यास मुलींच्या खरेदी-विक्रीला अभय मिळेल, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. परंतु अल्पवयीन मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि वस्तीत नव्याने आणलेली मुलगी प्रथम दिसते ती तिथल्या बायकांनाच. पोलिसांना भिणारी बाई ती खबर देणार नाही. दुसरा आक्षेप असा, की दारिद्र्यातून आलेली संमती खरी नसते. दारिद्र्य निवड आखडते हे खरेच. पण छापा घालून सुधारगृहात कोंडल्याने ती रुंदावत नाही. सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध असे ठेवता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले.

सद्यःस्थिती : सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात या स्त्रियांना सन्मानाने वागवावे, त्यांना आधार कार्ड द्यावे आणि त्या कार्डावर व्यवसाय ओळखू येईल अशी कोणतीही खूण नसावी, असे सांगितले. १८६८ च्या कायद्याच्या नोंदवहीत नाव चढले की बाईवर शिक्का बसे. आता नोंद होऊनही शिक्का बसू नये, एवढे तरी कायद्याच्या तोंडी आले आहे. दवाखान्याच्या खिडकीवर तिला तेच वर्तन मिळाले पाहिजे.